मोठ्या बाईंची अर्धी किल्ली

तिला सगळे कुलूपबाई म्हणायचे. आता ही बाई कुलुपं दुरुस्त करत असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. हिच्या हातात कधी कानस आली नाही की पाना. दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या वेबसाइट बनवायच्या, आणि त्यातलं जे भलत्याच्या हाती लागू नये ते नीट झाकून ठेवायचं, हे हिचं काम. पण आश्रयघरातल्या बायकांना एवढं पाल्हाळ कोण सांगत बसणार? एकीनं विचारलं की तुम्ही इथे येऊन नक्की करता काय, तर ही थकल्या आवाजात म्हणाली, तुमचे पत्ते कुलपात ठेवते. झालं. नाव पडलं ते पडलं, आणि कसं कोण जाणे, तिच्या ऑफिसातही जाऊन पोचलं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. चार टेबलं, एक पंखा, आणि खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर कपातला चहा थरथरायचा. तिथे बसून ती सकाळपासून दुसऱ्यांची दुखणी निस्तरायची. एका गिऱ्हाइकाला बटण निळं हवं असायचं, ते करून दिलं की त्याच्या बायकोला हिरवं. पन्नाशीला टेकलेली बाई, कमरेला पट्टा, चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलावर शोधणारी. विसराळू मात्र तिच्या लेखी नेहमी दुसरेच.

या सवयीचं मूळ होतं घरी. नवरा लांबच्या बंदरावर कामाला, दोन-तीन महिन्यांनी तोंड दाखवायचा. मुलगी शिकायला बाहेरगावी. उरली ही आणि सासरे. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हयात शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. कुठली नदी कुठल्या डोंगरात उगम पावते, सगळं तोंडपाठ. आता त्यांना घरातलं न्हाणीघर सापडेना. जेवून उठले की विचारायचे, जेवायला कधी वाढतेस? आणि रोजचं एक टुमणं ठरलेलं होतं: अगं, मागच्या दाराची कडी लागत नाही. ही कामातून मान वर न करता म्हणायची, लागते बाबा, मी आत्ताच लावली. ते गप्प व्हायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. पहिल्यांदा केव्हातरी ती उठून बघूनही आली होती. नंतर सोडून दिलं. माणूस कुठे कुठे पुरं पडणार? बाबांवर तिचा जीव होता, खोटं कशाला बोला, पण तो जीवही आताशा दमला होता.

तर असलं सगळं गळ्यात असताना आश्रयघराचं लोढणं तिनं कशाला बांधून घेतलं, असं तिचा नवरा विचारायचा. उत्तर साधं होतं. मोठ्या बाईंनी सांगितलं म्हणून.

मोठ्या बाई म्हणजे आश्रयघर चालवणाऱ्या. आधी इस्पितळात परिचारिका होत्या. रात्री-अपरात्री फाटलेला ओठ शिवून घ्यायला येणाऱ्या आणि सकाळी त्याच घरी परत जाणाऱ्या बायका बघून बघून त्यांचं टाळकं सरकलं, आणि नोकरी सोडून त्यांनी हे घर काढलं. मार खाऊन, जीव मुठीत धरून आलेल्या बाईनं इथे राहायचं, सावरायचं, काहीतरी हातकाम शिकायचं, आणि मग दुसऱ्या गावी नव्या पत्त्यावर जायचं. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं तुटक, माया पोटात. वीसेक वर्षांत शेकडो बायका इथून निघून गेल्या, आणि त्यांचे नवे पत्ते, फोन नंबर आश्रयघराकडे असायचे. कारण मागं राहिलेला नवरा तुरुंगातून सुटला, किंवा शोधत निघाला, तर तिला आधी कळवायला हवं. एकदा एक पत्ता फुटला होता. काय झालं ते मोठ्या बाई कधी बोलत नसत, पण त्या बाईचा फोटो त्यांच्या खोलीत होता आणि दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

म्हणून त्यांनी कुलूपबाईला बोलावलं होतं. संस्थेचे खजिनदारही तेव्हा हजर होते. खजिनदारांना सगळ्यातलं थोडं थोडं कळायचं, आणि तेवढ्यावर ते पुष्कळ बोलायचे. ते म्हणाले, पासवर्ड म्हणे असे ठेवतात की खुद्द ठेवणाऱ्यालाही वाचता येत नाहीत, तसंच करून टाका की. तेव्हा कुलूपबाईनं त्यांना समजावलं होतं. पासवर्ड म्हणजे दळून ठेवलेला गहू. तुम्ही पुन्हा तेच गहू आणले, तर दळून बघता येतं की पीठ तेच पडतं का. पण पिठाचे काही परत गहू होत नाहीत. पासवर्डाला ते चालतं, किंबहुना तेच हवं. पण पत्ता दळून कसा चालेल? उद्या त्या बाईला फोन करायचा तर नंबर जसाच्या तसा परत हातात यायला पाहिजे. म्हणजे दळायचं नाही, कुलपात ठेवायचं. आणि कुलूप आलं की किल्ली आली.

सगळं दुखणं तिथेच असतं. कुलूप आता कुणीही भक्कम लावतो. किल्ली कुठे ठेवायची, तिथे भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. तिनं मोठमोठ्या ऑफिसांत पाहिलं होतं, डेटा कुलपात आणि किल्ली त्याच मशीनवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. दाराला टाळं लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातला प्रकार. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, किल्ली कागदावर नको, मशीनमध्ये नको, माणसात ठेव. कुलूपबाई म्हणाली, एका माणसात नको. म्हणून दोघींत अर्धी अर्धी.

रीत अशी पडली. कुलूपबाईला आपली अर्धी पाठ, मोठ्या बाईंना आपली. एकीची दुसरीला माहीत नाही, आणि कुठे लिहून ठेवायची नाही. पत्ते होते एका कंपनीकडून भाड्यानं घेतलेल्या, लांबच्या मशीनवर. ते चालू असेपर्यंत दोन्ही अर्ध्यांची मिळून झालेली किल्ली त्याच्या डोक्यात राहायची. बंद पडून पुन्हा सुरू झालं की डोकं कोरं. मग कुलूपबाईनं ऑफिसातून आपली अर्धी टाइप करायची आणि मोठ्या बाईंनी आश्रयघरातून आपली. आश्रयघरात जिन्याखाली एक चिंचोळी खोली होती. तिथे कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीनं दान दिलेला कॉम्प्युटर होता, आणि तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही असा मोठ्या बाईंचा दंडक होता. कुलूपबाईनं तो बसवला तेव्हा त्यावर आपलं नाव टाइप करून पाहिलं, उमटलं, चालतोय म्हणाली आणि निघाली, कारण घरी बाबा एकटे होते. तिसरी एक किल्ली कुठेतरी मोहोरबंद ठेवायला हवी, असं ती पुढे दोनदा बोलली. मोठ्या बाई नको म्हणाल्या, हिनंही रेटलं नाही. रेटायला अंगात ताकद लागते.

एवढी वर्षं हे सुरळीत चाललं. मशीन वर्षातून एखाद-दोनदा बंद पडायचं, दोघी फोनवर एकमेकींशी बोलत आपापली अर्धी घालायच्या, दार उघडायचं. अलीकडे मोठ्या बाईंची नजर मंदावली होती. म्हणून काही आठवड्यांपूर्वी कुलूपबाईनं जिन्याखालची खोली झाडून काढली, अक्षरं पुसट झालेला तो जुना कीबोर्ड काढला आणि ठसठशीत अक्षरांचा नवा आणून लावला. मोठ्या बाईंनी बटणांवरून हात फिरवला आणि आता बघ किती छान दिसतंय म्हणाल्या. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. तो दिवस कुलूपबाईला बरा गेला.

आणि मग ती सकाळ आली. ज्या कंपनीच्या मशीनवर हे सगळं चालायचं, तिनं पहाटे मशीन बंद करून दुसरीकडे हलवलं आणि तसा निरोप पाठवला. नेहमीचंच. कुलूपबाईनं ऑफिसात बसून आपली अर्धी घातली, मोठ्या बाईंना फोन लावला, त्यांनी तिकडे आपली घातली. पडद्यावर आलं, किल्ली जुळत नाही. पुन्हा. जुळत नाही. तिसऱ्यांदाही तेच, आणि मग तासभर दार बंद. तीनदा चुकलं की तासभर थांबायचं, हा नियमही हिनंच लिहिलेला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्याच सकाळी तुरुंगातून फोन आला होता. शिवणवालीचा नवरा त्या दिवशी दुपारी सुटणार होता.

शिवणवाली इथे वर्षभर राहून, शिवण शिकून, आपल्या लहान मुलीला घेऊन गेलेली बाई. नवऱ्यानं तिला जिवंत सोडणार नाही असं कोर्टात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि तो नुसता बोलणाऱ्यातला नव्हता. गाव त्याला कळलेलं आहे, असं तिच्या नणंदेनंच मध्यंतरी चोरून कळवलं होतं. घर तेवढं माहीत नव्हतं. दुपारी सुटून बसनं निघाला तर संध्याकाळी तिथे. लहानसं गाव, परकी शिवणकाम करणारी बाई. चौकशी करायला कितीसा वेळ लागतो? तिला आधी एक फोन जायलाच हवा होता. आणि तो नंबर कुलपात होता. तिथल्या पोलिसांना कळवायचं तरी कुठल्या घरी जा म्हणून सांगणार? पत्ताही कुलपात.

कुलूपबाई बस धरून आश्रयघरात पोचली तेव्हा मोठ्या बाई जिन्याखालच्या खोलीत तशाच बसून होत्या, हात मांडीवर ठेवून. खजिनदार दारात उभे. तास संपला. कुलूपबाईनं आपली अर्धी लॅपटॉपवर पुन्हा घातली आणि रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. मागून बटणांचा आवाज आला. सावकाश, एकेक. मग काहीच नाही. तिनं वळून पाहिलं, तर जुळत नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुणाची अर्धी चुकली हे मशीन सांगत नाही. दोन्ही मिळून जुळत नाही, एवढंच म्हणतं. पण खजिनदारांनी पाहिलं ते मोठ्या बाईंकडे. कुलूपबाईनंही पाहिलं ते मोठ्या बाईंकडेच. आपली चुकली असेल असं तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही, आणि तुझी बरोबर आहे का असं तिला कुणी विचारलंही नाही. मोठ्या बाईंनी आणखी दोनदा घातली.

"मला आठवतंय गं," त्या म्हणाल्या. "हीच आहे."

कुलूपबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या तोंडून रोजचा आवाज निघाला, घरी बाबांशी बोलताना निघायचा तोच, मऊ आणि न ऐकणारा. "असू दे, बाई. होतं असं वयानं."

मोठ्या बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पाहिलं, मग नजर खाली घातली.

खजिनदारांना एवढी फट पुरेशी होती. ते म्हणाले की हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता, बाईंनी खूप केलं, पण आता संस्थेचाही विचार करायला हवा. मागच्या महिन्यातल्या सभेची वेळसुद्धा बाई विसरल्या होत्या. खरं तर वेळ यांनीच बदलली होती आणि कळवायला विसरले होते. पण मोठ्या बाई वाद घालायला उठल्या नाहीत. त्यांनी कंबरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. कोठारघराची, औषधांच्या कपाटाची, फाटकाची, सगळ्या किल्ल्या. मग, शिवणवालीचं काय करायचं ते तुम्ही बघा, एवढं बोलून त्या भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे गेल्या. भिंतीला हात लावत चालताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पुन्हा तासभर थांबणं आलं. नियम काढून टाकणं कुलूपबाईच्या हातचं होतं, पण काढून उपयोग काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाईंना आठवत नाही म्हटल्यावर जगातला कुणी मायेचा पूत ती अर्धी काढू शकणार नव्हता. कुलूप चांगलं लावलं होतं, हीच तर पंचाईत होती. ते तोडायला तिलाच जमलं असतं, तर त्या माणसालाही कुणाकडून तोडून घेता आलं असतं. खजिनदार त्या गावातल्या शिंपीकामाच्या दुकानांचे नंबर शोधायला बसले. कुलूपबाई घरी निघाली, कारण जेवायची वेळ झाली होती आणि बाबांना कुणीतरी वाढायला हवं होतं. जगबुडी आली तरी ते चुकत नाही.

बसमध्ये तिनं डोळे मिटले. डोळ्यांपुढे शिवणवालीची पोरगी यायला लागली. ही पोर आश्रयघरात टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, आणि कुणी जोरानं दार लावलं की कान झाकून घ्यायची. कुलूपबाईला वाटलं, आपण दुसरं काहीतरी काम करायला हवं होतं. फुलं विकायला हवी होती.

घरी आली तर बाबा मागच्या दाराशी उभे.

"अगं, कडी लागत नाही," ते म्हणाले.

लागते बाबा, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण ते म्हणायचीसुद्धा तिला ताकद उरली नव्हती. तिनं पिशवी खाली ठेवली, त्यांना बाजूला केलं, आणि कडी कोंड्यात घातली. गेली. ठक्क आवाज झाला. बघा, असं म्हणायला ती वळली, आणि बाबांनी दोन बोटांनी दार ओढलं. दार उघडलं. कडीसकट, कोंड्यासकट. कोंड्याचे खिळे चौकटीतून केव्हाच सुटले होते. लाकडाचा नुसता भुसा झाला होता.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. किती महिने सांगत होते बाबा? ते जेवल्याचं विसरतात, न्हाणीघर विसरतात, मुलाचं नावसुद्धा एखादवेळी विसरतात. पण कडी लागत नव्हती. माणूस विसरतो म्हणून तो सांगतो ते सगळंच खोटं, हे आपण कधी ठरवलं? आणि तिला जिन्याखालच्या खोलीतलं ते वाक्य ऐकू आलं. मला आठवतंय गं, हीच आहे. त्यावर आपण काय म्हणालो तेही आठवलं.

मग तिनं स्वतःला तो प्रश्न विचारला, जो ती रोज ऑफिसात प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची आणि आज सकाळपासून कुणालाच विचारला नव्हता. कालपर्यंत चालत होतं ना? मग मध्ये बदललं काय?

कीबोर्ड.

दार दोरीनं बांधून, बाबांच्या पुढे ताट ठेवून, शेजारच्या काकूंना बसवून ती परत पळाली. पळाली म्हणजे कमरेच्या पट्ट्यासकट जेवढं पळता येतं तेवढं. जुना कीबोर्ड सापडला शिवणवर्गाच्या कपाटात, दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यात, कुणीतरी त्याच्याच वायरीनं गुंडाळून ठेवलेला. तिनं तो लॅपटॉपला जोडला, कोरं पान उघडलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक बटण दाबत गेली. सगळी उमटली, चारचा आकडा सोडून. चार पुन्हा दाबला. बोटाखाली बटण छान खाली जायचं, वर यायचं, आवाजही करायचं. पडद्यावर काही नाही.

दान आलं तेव्हापासूनच ते बटण मेलेलं होतं. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी आपली अर्धी दोनदा टाइप करून पक्की केली, ती याच्यावरच. पुढेही प्रत्येक वेळी याच्यावरच. पडद्यावर अक्षरं नाहीत, नुसते ठिपके. एखादा कमी पडला तर मोजतंय कोण? मशीननं जी किल्ली ऐकली त्यात चार नव्हताच. म्हणजे मोठ्या बाई इतकी वर्षं बरोबर टाइप करत होत्या, आणि ते चुकीचं पोचत होतं म्हणून दार उघडत होतं. हिनं नवा कीबोर्ड लावला, त्यांचं बरोबर प्रथमच बरोबर पोचलं, आणि दार बंद झालं. करायला गेली भलं आणि झालं हे.

मोठ्या बाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. कुलूपबाई आत शिरली तेव्हा त्या स्वयंपाकाच्या बाईला विचारत होत्या, मी सकाळची गोळी घेतली का गं? ज्या बाईनं शेकडो जणींच्या गोळ्यांच्या वेळा तोंडी सांभाळल्या, ती हे विचारत होती. स्वयंपाकाची बाई घाबरून कुलूपबाईकडे बघायला लागली.

एकदा पुन्हा चला, कुलूपबाई म्हणाली. मोठ्या बाईंनी मान हलवली. माझ्यावर आता विसंबू नका, म्हणाल्या, वेळ घालवू नका, दुसरं काही बघा. कुलूपबाईनं त्यांचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच जिन्याखाली नेलं. तास केव्हाच संपला होता, जुना कीबोर्ड लावलेला होता, आणि कुलूपबाईनं आपली अर्धी आधीच घातली होती. सकाळी घातली तीच घाला, ती म्हणाली, एक अक्षर बदलू नका. आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बटणं वाजली. सावकाश, एकेक. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"अगं, उघडलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

बाकी सगळं नंतर. आधी शिवणवालीचा नंबर. पहिल्यांदा वाजत राहिला आणि बंद झाला. दुसऱ्यांदा उचलला; मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता. मोठ्या बाईंनीच सांगितलं, दोन वाक्यांत, न घाबरवता. पलीकडचं यंत्र थांबलं.

"पोरगी शाळेत आहे. तिला घेते आणि तशीच निघते," शिवणवाली म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्ही बऱ्या आहात ना, बाई? आवाज असा का येतोय?"

मोठ्या बाईंनी आवाज नीट केला आणि तिला कुठल्या बसनं कुणाकडे जायचं ते सांगितलं. ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. संध्याकाळी मायलेकी दुसऱ्या गावच्या आश्रयघरात पोचल्याचा फोन आला, आणि तो माणूस शिवणवालीच्या गल्लीत कुलूप लावलेल्या दाराशी बराच वेळ बसून होता, हेही मागाहून कळलं.

फोन ठेवल्यावर कुलूपबाईनं सगळं सांगितलं. मेलेलं बटण दाखवलं. तुमच्या अर्ध्या किल्लीत हा आकडा आहे का, असं तिनं विचारलं नाही, कारण ते तिला कळायला नको होतं. मोठ्या बाईंनी चारवर बोट ठेवलं, दाबलं, सोडलं.

"म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या.

नाही, कुलूपबाई म्हणाली. चूक माझी. बसवला तेव्हा नीट तपासला नाही ही माझी, आणि सकाळी तुमचं ऐकलं नाही हीसुद्धा माझीच. खजिनदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी टेबलावरचा जुडगा उचलून दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाले, घ्या बाई, झालं गेलं विसरून जा. विसरून जा म्हटल्यावर त्यांचीच जीभ अडखळली.

मोठ्या बाईंनी जुडगा घेतला नाही.

"हे म्हणाले असते तर मी यांना दाराबाहेर काढलं असतं," त्या खजिनदारांकडे न बघता म्हणाल्या. "पण तू म्हणालीस, होतं असं वयानं. तू म्हणालीस म्हणून मी लगेच मानलं. आणि मग दुपारभर एकेक तपासत बसले. गोळी घेतली का, गॅस बंद केला का, आज वार कुठला. कीबोर्ड बदललास, दार उघडलं. ही शंका आता कुठलं बटण बदलून जाणार?"

कुलूपबाईनं त्यांची परोपरीनं क्षमा मागितली. त्यांनी तिच्या गालाला हात लावला, आणि नवी किल्ली करशील त्यातली माझी अर्धी आता दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणाल्या. ती निघाली तेव्हा जुडगा टेबलावर तसाच पडला होता.

घरी जाताना तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा कोंडा आणि लांब स्क्रू घेतले. काकू निघून गेल्या. बाबा तिच्या शेजारी उभे राहून स्क्रू हातात धरून एकेक देत होते, आणि तिनं चौकटीत चांगल्या लाकडाची जागा शोधून कोंडा बसवला. कडी घातली. दार ओढून पाहिलं. हाललं नाही.

"बाबा, तुमचं खरं होतं," ती म्हणाली. "कडी लागतच नव्हती. तुम्ही एवढे दिवस सांगत होता आणि मी ऐकलं नाही."

बाबांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुठली कडी, कसलं सांगणं, त्यांच्या काही ध्यानात नव्हतं. एवढंच कळलं की ही कशाबद्दल तरी वाईट वाटून घेतेय. त्यांनी उरलेले स्क्रू तिच्या तळहातावर ठेवले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे गं," ते म्हणाले. "होतं असं."

मग सकाळपासून न आलेलं रडू तिला आलं, आणि ती बराच वेळ रडत राहिली.